वसंताचं इंग्रजी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत भाजी घेत होते. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले." हातातली मेथी मी घेतली की परत ठेवली, ते दीड महिन्यानंतरही आठवत नाही...

माझा हा धाकटा भाऊ एसटीत कंडक्टर होता. काटोल-नागपूर गाडीत तिकिटं फाडता फाडता तो अख्खी गाडी हसवायचा. दोन वर्षांपूर्वी लकव्याने त्याची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोक्यात सगळं लख्ख होतं, पण एका वाक्याला दोन-दोन मिनिटं लागायची. सुरुवातीला डेपोतले मित्र काटोलला त्याच्या घरी यायचे. त्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच एकेकाला काम आठवायचं. मी दर रविवारी जायचे, पण उभ्या-उभ्याच. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली मी, त्याची वाक्यं मीच पुरी करायचे. मला ती मदत वाटायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो म्हणाला, "ताई... मी... बोरिंग झालो वं."

मला हसू आलं. वर्गात हजारदा सुधारलेली चूक. "बोरिंग नाही गा, बोअर्ड म्हण. आपल्याले कंटाळा आला तर बोअर्ड. बोरिंग म्हणजे ज्याचा दुसऱ्याले कंटाळा येते तो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले. या खेपेला मला त्याचं वाक्य पुरं करता येईना.

"तेच... म्हणून राहिलो... मी."

तसं नाही, असं लगेच म्हणायला हवं होतं. पण पाच मिनिटांपूर्वीच मी घड्याळ पाहिलं होतं, आणि ते त्याने पाहिलं होतं. चहा करते म्हणून मी आत गेले. परत आले तर त्याने डोळे मिटले होते. झोपला का, तेही मी विचारलं नाही. पुढच्या रविवारपासून तो मानेनेच हो-नाही करू लागला. बोल ना गा, म्हणून किती विनवलं... त्याला पुन्हा बोलतं करील असं एक वाक्य मला कोणत्याच भाषेत सापडलं नाही.

तेरवीला घर भरलं. डेपोतले सगळे आले, त्याचे किस्से सांगत संध्याकाळपर्यंत बसले. मी त्याच्या खोलीत गेले. पलंगाला लागून एक खुर्ची होती, भेटायला येणाऱ्यांसाठी मुलाने आजारपणात मुद्दाम आणलेली. बैठकीवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच होतं. मी बसले तेव्हा ते कुरकुरलं... त्या खुर्चीवर मीही पहिल्यांदाच बसत होते.