हवाबंद पेटी

चहा आधी संपवा. मी सांगायला लागलो की तुम्ही कप खाली ठेवाल आणि माझ्याकडे टक लावून बघाल. त्या रविवारी शुभा बघत होती ना, अगदी तसंच. चुका मी पुष्कळ केल्या आणि सगळ्या तारीखवार लिहून ठेवल्या आहेत. पण ही एकच चूक अशी, की ती घडत होती तेव्हा मी तिची रोज माझ्याच अक्षरात नोंद करत होतो. तरी मला कळली नाही!

मला रोजनिशीची सवय. कुणी लावली नाही, आपली आपण लागली. नळाला पाणी किती वाजता आलं, गाडीच्या चाकांत हवा कधी भरली, सगळं त्यात असतं. प्रत्येक नोंदीच्या खाली एक ओळ: 'निष्कर्ष'.

दुसरी सवय वडिलांची. ते सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि त्यांनी घराला नियम घालून दिला: बाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी. तो नियम मी त्यांच्यापेक्षा कडक पाळतो. आमची रेवा "मी नहाऊन येते" म्हणाली की मी पेपरातून डोकं न काढता "आंघोळ!" असं ओरडतो. पोरगी इंदूरला शिकायला गेली त्याचं निम्मं कारण हेच असावं, असं शुभा म्हणते. शुभा म्हणजे माझी बायको.

तर झालं असं, की मी एक जुनी गाडी घेतली. अवधपुरीहून कारखान्यात जाता-येता गाणी ऐकायची, एवढीच हौस. पण गाण्यात तबला वाजला की मला नुसती टिकटिक ऐकू यायची. डग्गा गायब! म्हणून एम. पी. नगरमधून एक सबवूफर आणला. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचे आवाज काढणारा ताटलीएवढा स्पीकर. दुकानदार म्हणाला, "स्पीकर तो ले लिया भाईसाब, असली खेल डब्बे का है. बंद डब्बा बनवाओगे कि होल वाला?"

झालं! मला अभ्यासाला विषय मिळाला. बंद डबा चहूबाजूंनी हवाबंद. त्याचा आवाज नेटका, ठोका पडला की तिथेच संपतो. भोकाच्या डब्याला एक नळी असते. त्याचा आवाज मोठा, पण घुमतो. पंधरा दिवस मी लिटर आणि इंच लिहीत होतो.

पण घरात 'डब्बा' कसं म्हणायचं? डब्यातून पोळी-भाजी नेतात. 'बॉक्स' तर नकोच. मी मराठी शब्द ठरवला: पेटी.

रेवा तेव्हा सुटीत घरी आली होती. म्हणाली, "बाबा, बॉक्स म्हणा ना प्लीज. पेटी म्हटलं की मला आईची पेटीच वाटते."

"मराठीत पेटी म्हणजे पेटी," मी म्हणालो.

रोजनिशीत आहे बघा: 'रेवाची सूचना: बॉक्स म्हणावे. नामंजूर.'

आता तुम्ही मराठी माणसं. पेटी म्हणजे हार्मोनियम, हे तुम्हाला सांगायला नको. मलाही कुणी सांगायला नको होतं! आमच्या घरात होती एक. शुभाच्या वडिलांची, अण्णांची. त्यांनी तिला त्याच पेटीवर सा लावायला शिकवलं. अण्णा गेले आणि पेटी कपाटावर गेली. तिचा भाता गळायला लागला होता. इतक्या वर्षांत माझी नजर तिच्यावरून इतकी फिरली, की ती दिसेनाशीच झाली.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात शुभा गाणार होती ती स्वतः पेटी वाजवून. तिचं गाणं आहे हे माहीत होतं. 'रविवार, ५ वा., मंडळ, शुभाचे गाणे', अशी नोंदही आहे. गाणं कशावर, ते मी विचारलं नाही. आणि माझ्या सबवूफरला ती 'तुमचं ते ढुमढुम' म्हणायची. त्याच्या पेटीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

एका संध्याकाळी मी टेप घेऊन मापं काढत बसलो होतो. शुभा कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या मिस्त्रीकडे जाणार आहात ना? पेटीचं होईल का त्याच्याकडून?"

मला भरून आलं हो! पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन विचारत होतं.

"होईल म्हणजे काय! तूच सांग, बंद हवी की भोकाची?"

तिचा हात थांबला. "भोक? आधीच हवा जातेय तिची, त्यात आणखी भोक कशाला?"

"बरोबर! म्हणजे तुला नेटका आवाज आवडतो."

"सूर नीट लागला पाहिजे. नुसत्या आवाजाला काय करायचंय? आणि रविवारी पाचच्या आत हातात हवी हं. सगळ्या बायका ऐकायला येणार आहेत."

जी पेटी अजून जन्माला यायची होती तिची हवा 'आधीच' कशी काय जात होती? हा प्रश्न मला पडला का? नाही! मी मंडळाच्या अंगणात गाडी उभी करून, डिकी उघडून, बायकांना डग्गा ऐकवण्याचं चित्र बघत होतो. त्या दिवशीची नोंद: 'शुभाला पेटीत रस निर्माण झाला आहे. निष्कर्ष: बंद.'

मंगळवारी मी निघालो तेव्हा ती गॅलरीतून ओरडली, "डिकीत ठेवलीय हं! जपून!" मला फक्त 'जपून' ऐकू आलं. मी हात हलवला.

जवाहर चौकात शकीलभाईंचं सुतारकामाचं दुकान आहे. डिकी उघडली तर आत हे एवढं बोचकं! जुन्या घोंगडीत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. मंडळात जुने कपडे गोळा करत होते, ते असणार. जागा मोकळी करायला आम्ही दोघांनी ते उचललं. जड होतं. आणि उचलताना त्यातून 'हूंऽऽ' असा बारीक आवाज आला. मला वाटलं, शकीलभाईंची कंबर.

"बोचकं इथेच राहू दे, नंतर नेतो," असं मी त्यांना हिंदीत सांगितलं, कागदावरची मापं समजावली आणि गाडी त्यांच्याकडे सोडून आलो.

रात्री शुभानं विचारलं, "दिलीत पेटी?"

"दिली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, शनिवारी नक्की. मी बजावलंय त्याला, हवा गळता कामा नये. आतून सगळे सांधे बुजवायला सांगितलेत."

"किती लक्ष घालता हो तुम्ही," शुभा म्हणाली. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. आता ते पान मी उघडत नाही.

शनिवारी गाडी आणली, बोचकं विसरलो. रविवारी साडेतीन वाजता शुभा हिरवी साडी नेसून, मोगरा माळून खाली आली.

"पेटी आणलीत?"

"आणली म्हणजे? बसवलीसुद्धा! डिकीत."

"बसवली?"

"स्क्रू मारून."

"अण्णांच्या पेटीला स्क्रू मारलेत?"

मी डिकी उघडली. आत काळं मखमली कापड लावलेली सुंदर, चौकोनी, हवाबंद पेटी होती. शुभानं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला काय सुचावं? मी गाणं लावलं! डग्गा असा नेटका वाजला म्हणून सांगू! शेजारचे काका गॅलरीत आले.

"माझी पेटी कुठाय?" शुभा म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ही..."

"मी डिकीत ठेवली होती. घोंगडीत बांधून."

तेव्हा मला ते 'हूंऽऽ' आठवलं.

शकीलभाईंना फोन लावला. "वो गठरी? रखी है ना भाईसाब, दुकान में. हफ्ते भर से उसी पे बैठ के चाय पी रिये हैं अपन. बड़ी आरामदायक है खां, बस बीच-बीच में कराहती है."

रविवारचं बंद दुकान त्यांनी येऊन उघडलं. शुभानं स्वतः सुतळी सोडली. दोन पट्ट्या खाली दबून बसल्या होत्या आणि भात्याची चीर होती त्याहून बोटभर लांब झाली होती. शकीलभाईंनी कान पकडले. "तौबा! भाभी, अपन बाजे पे बैठे थे? आपने बताया क्यों नहीं, भाईसाब?" मी काय बताणार? त्यांनी पट्ट्या वर केल्या, चिरेवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "हाथ से दबा के रखना पड़ेगा."

म्हणून त्या दिवशी मंडळात ज्यांनी मला व्यासपीठावर बघितलं, त्यांना सांगतो, मी साथीला बसलो नव्हतो. मी पेटीच्या मागे दोन्ही तळहात भात्यावर दाबून भोक बुजवत होतो. समोर शंभरेक माणसं, पुढच्या रांगेत माझे साहेब.

पहिलं गाणं निभावलं. दुसरं अण्णांनी तिला शिकवलेलं पहिलं गाणं. त्यासाठीच तर तिनं पेटी खाली काढली होती. अंतऱ्यात सूर वर चढला, तिनं जोरात भाता मारला आणि चिकटपट्टी सुटली. मी दाबलं, पण भात्याबरोबर हात हलवू की तिथेच धरू, काही कळेना. पेटी पुन्हा 'हूंऽऽ' करून बसली. शुभानं पट्ट्यांवरून हात काढला. एक ओळ नुसती गायली आणि नमस्कार केला.

टाळ्या पडल्या. भोपाळची मराठी माणसं सज्जन आहेत.

परतताना गाडीत मी विचारलं, "गाणं लावू?" लगेच जीभ चावली.

"तुम्ही विचारलंत ना त्या दिवशी, बंद की भोकाची?" ती बाहेर बघत म्हणाली. "मला वाटलंच होतं, हा माणूस पेटीला भोक कशाला पाडायला निघालाय. पण म्हटलं, इतकं लिहून काढताहेत, तर असेल काहीतरी. तुम्हाला कळत असेल."

हे मला लागलं. अजून लागतं.

पेटी आता नीट दुरुस्त करून आणली आहे. तिची हवा कुठूनही जात नाही. शुभा रोज पुसते, पण उघडत नाही. मी विचारतही नाही. घरात 'बॉक्स' म्हणायला मात्र आता परवानगी आहे. रेवानं फोनवर तीनदा म्हणून घेतलं.

त्या रविवारची नोंद मी चार दिवसांनी लिहिली. सगळं लिहिलं, कोण काय म्हणालं तेही. शेवटच्या ओळीपाशी बराच वेळ अडलो.

'निष्कर्ष: पेटी पूर्णपणे हवाबंद झाली. नोंद ठेवणारा आधीपासूनच होता.'