जुन्या जेटचा इस्त्रीवाला

हिंगणघाटच्या बसस्टँडजवळ एक इस्त्रीवाला होता. त्याच्याकडे कपडे टाकणं म्हणजे डोक्याला ताप. वरून विमान गेलं की हा हातातलं काम सोडून रस्त्यावर यायचा, कपाळावर आडवा हात धरून आवाज विरेपर्यंत वर बघायचा आणि तोंड वाकडं करून परत फिरायचा.

"हे काय इमान हाय? जुनं जेट जाये तं टपरीचे टीन थरथरत. मांगं धुराची काळी रेघ राहे. आताचे नुसते घोरतेत!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नागपूरला माझी मुलाखत होती. माझा एकुलता एक पांढरा शर्ट त्याच्या टेबलावर होता, आणि नेमकं विमान आलं. कोळशाची इस्त्री शर्टावर तशीच ठेवून गडी बाहेर! परत आला तोवर छातीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. माफी मागायची सोडून मला म्हणतो, "चार इंजिनाचं असतं तं गोष्ट वेगळी होती."

माझं टाळकंच सरकलं. "काका, एवढं वेड आहे, तर बसले काय कधी विमानात?"

"काऊन बसू? आत बसनाऱ्याले इमान दिसते काय?"

जळक्या त्रिकोणावर फाइल धरून मी मुलाखत दिली. नोकरी लागली. काही वर्षांनी साहेबांनी मला विमानानं दिल्लीला पाठवलं. सगळा वेळ खिडकीला नाक लावून बसलो, आणि दिसला फक्त पंखाचा एक तुकडा.

शर्ट जळाला तेव्हाही त्या माणसाचा इतका राग आला नव्हता.