आडवा आलेला अर्ज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मुखेड तालुक्यातल्या एका गावात मी नागरिकशास्त्र शिकवत होतो आणि त्याच गावात एका बाईला ग्रामपंचायतीचा अर्ज मी मागे घ्यायला लावला.

ती माझीच जुनी विद्यार्थिनी. गावातल्या गावात दिलेली, पिठाची गिरणी चालवायची. तिच्या गल्लीतून तोवर कुणी अर्जच भरला नव्हता. पुढाऱ्यांनी मंदिरात बसून सगळ्या जागा आधीच वाटल्या होत्या. गाव बिनविरोध होणार म्हणून पेढेही सांगून झालेले. हा एकच अर्ज आडवा आलाय, तुमचं ऐकेल ती, असं ते मला म्हणाले. मग जाता जाता, अर्धापूरच्या शाळेत जागा निघतेय, असंही म्हणाले. आमच्या संस्थेवर त्यांचं वजन होतं. माझं घर नांदेडला, अर्धापूर तिथून जवळ. रोज एसटीनं जाऊन येऊन मी पार पिचलो होतो.

गिरणीवर गेलो. तिनं गिरणी बंद केली, स्टूल पदरानं पुसून दिलं. मी वर्गातल्या आवाजात बोलत सुटलो. निवडणुकीनं गावात दोन तट पडतात, पिढ्यान्‌पिढ्या बोलणं तुटतं, आणि तू काही निवडून येत नाहीस. संविधानातली बंधुतासुद्धा काढली. स्वातंत्र्य, समता, न्याय यांतलं काही त्या दिवशी माझ्या कामाचं नव्हतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, पडनार हे मलाबी ठावं हाय. पन पडू तरी द्या. किती जन माझ्याकडून हायत, येवढं तर कळंल."

इतकी वर्षं मी मताधिकार शिकवला, पण हरणाऱ्यालाही आपली माणसं मोजून घ्यायची असतात, हे कधी मनात आलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्यासाठी काढ."

"तुमच्यासाठी?" ती हसली. "मग बोलायचं राहिलंच काय."

माघारीच्या दिवशी ती एकटीच तहसीलला जाऊन सही करून आली. संध्याकाळी गावात गुलाल उडाला. उन्हाळी सुट्टीनंतर मी अर्धापूरला रुजू झालो. पुढच्या निवडणुकीला तिनं अर्ज भरला नाही, असं कळलं.

आता इथल्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणतं, लोकशाहीची लायकीच नाही आपल्या लोकांची. मी चहा पीत राहतो.

मागच्या वर्षी ती नांदेडच्या बसस्टँडवर भेटली. लेकीच्या कॉलेजचं काम होतं. लेकीला म्हणाली, "पाया पड. हे माझे सर. गावात भांडन नको म्हनून लई झटले." पोरगी वाकली. मी डोक्यावर हात ठेवला आणि बस लागलीय म्हणून निघालो. बस लागलेली नव्हती.

तिचा अर्ज गावासाठी नव्हे, माझ्या बदलीसाठी काढायला लावला, हे तिच्या दारात जाऊन, तिच्या गल्लीतल्या माणसांसमोर सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.