गरम बॉनेट

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या आमच्या शेजाऱ्याचा कुणावरच विश्वास नाही. दुकानातलं दूधसुद्धा तो मागच्या रांगेतलं ओढून काढतो. पेशाने मेकॅनिक, त्यामुळे जुनी गाडी बघायला आम्ही सगळे त्यालाच नेतो.

कोविडात ट्रेनची धास्ती वाटायला लागली, तेव्हा जवळच्याच गिरावीनला एक छोटी अमेरिकन गाडी बघायला मी त्याला घेऊन गेलो. विकणारा मराठी, डॅशबोर्डवर गणपती. मी तिथेच विरघळलो. "लॉकडाऊनमुळे महिनाभर हललीच नाही," विकणारा म्हणाला.

शेजाऱ्याने मास्क नाकावर ओढला आणि ताप बघतात तसा बॉनेटवर तळवा टेकवला. मग मला बाजूला घेतलं. "गरम आहे. आपण यायच्या आधी चालवून आणलीय. थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असणार. गणपती बघून गाडी घेतात का? सोड, मेट."

मी सोडली.

पंधरा दिवसांनी तीच गाडी त्याच्या दारात उभी.

"बायकोसाठी घेतली," तो म्हणाला.

"आणि ते गरम बॉनेट?"

"अरे, उन्हात उभी होती ना ती!" माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, आणि डॅशबोर्डवरचा गणपती फडक्याने पुसत राहिला.