स्कॅनरबाईचं दुखणं

कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर बायकांची झडती घ्यायचं काम तिच्याकडे होतं. शिफ्ट सुटली की शिलाईच्या बायका एकेक करून पडद्यामागे यायच्या, हात पसरायच्या, आणि ती खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपून त्यांना सोडायची. कुणी कमरेला बटणांची पुडी बांधली असली, तर हात लावायच्या आधीच तिला चेहऱ्यावरून कळायचं. बायका तिला स्कॅनरबाई म्हणायच्या. वरवर ती डोळे वटारायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

दुखणं मानेपासून सुरू झालं. मग खांदे, कंबर, मांड्या. आज इथे, तर उद्या भलतीकडेच. सकाळी उठावं तर रात्रभर कुणी बदडून काढल्यासारखं अंग. झोप लागायची, पण थकवा जागचा हलायचा नाही. तिने सवयीप्रमाणे चोर शोधायला घेतला. आधी गादीवर संशय घेतला आणि जमिनीवर झोपू लागली. मग कपडे धुवायच्या नव्या पावडरीवर, मग नळाच्या पाण्यावर. मग नणंदेवर. खालच्या मजल्यावर राहणारी नणंद हल्ली रोज संध्याकाळी चहा घेऊन वर यायची. ही माया अचानक कुठून उतू चालली, म्हणून स्कॅनरबाईने कितीतरी दिवस तो चहा गुपचूप मोरीत ओतला. दुखणं होतं तसंच राहिलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, एक्स-रे काढले. सगळं ठीक निघालं. तिला हायसं वाटायच्या ऐवजी नवाच संशय आला.

"तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढं दुखतंय आणि रिपोर्टात काहीच नाही?"

नवरा बसडेपोत मेकॅनिक होता, सरळ माणूस. "अगं, मी कशाला लपवू? थकवा असेल," तो म्हणाला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

पुढे कामावरही गोंधळ व्हायला लागले. एकदा तिने तपासलेल्या बाईलाच पुन्हा हात पसरायला लावले. "आत्ताच तर सोडलंत मला," ती बाई म्हणाली आणि रांगेत हसू पसरलं. डोक्यात धुकं भरल्यासारखं व्हायचं. ओठांवर आलेला शब्द निसटायचा.

एका संध्याकाळी ती कठडा धरून हळूहळू जिना चढत होती. नणंदेचं दार अर्धवट उघडं होतं.

"दादा, रागावू नकोस," नणंद आत म्हणत होती, "पण वहिनी जरा जास्तच करतात असं नाही वाटत? परवा बाजारात चांगल्या तुरुतुरु चालत होत्या."

नवरा म्हणाला, "मलाही कधीकधी वाटतं. रिपोर्टात काही नाही ना."

ती तिथेच पायरीवर टेकली. सगळ्या कारखान्याचं खरंखोटं चाचपणाऱ्या तिच्याकडे स्वतःचं खरेपण दाखवायला काहीच नव्हतं.

ती कुणाला काही बोलली नाही. फक्त सांधेदुखीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना नवऱ्याला सोबत घेऊन गेली. बाईंनी कुठे दुखतं, कधीपासून, झोप कशी, विसरायला होतं का, सगळं सावकाश विचारलं. खांद्यावर बोटाने जरासं दाबलं, तर हिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने ते पाहिलं.

"याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," बाई म्हणाल्या. "दुखणं खरं आहे. शरीराची वेदना जाणवून देणारी यंत्रणाच फार तीव्र झाली आहे. ते रक्तात किंवा एक्स-रेत दिसत नाही."

"काही सापडत नाही म्हणून नाव देऊन मोकळं व्हायचं, असं तर नाही ना?" तिने विचारलं.

बाई हसल्या. "शंका रास्त आहे. म्हणून तर बाकीचे आजार आधी तपासून बाजूला काढले."

"पूर्ण बरं होईल?"

"तसं वचन मी देणार नाही. कमी होईल, सांभाळता येईल."

या उत्तरावर मात्र तिचा विश्वास बसला.

परत येताना ती नवऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी मी जिन्यात होते. ऐकलं सगळं."

तो चालता चालता थांबला. "मग बोलली का नाहीस?"

"बाईंच्या समोर तुमचा चेहरा बघायचा होता."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

रात्री एक गोळी, झोपायची ठरलेली वेळ आणि रोज थोडं चालणं सुरू झालं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग हळूहळू पुढे. फाटकावर बसायला स्टूल मिळालं, तेही साहेबांनी तिला दोनदा वरपासून खालपर्यंत न्याहाळल्यावर. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं घर धुऊन काढलं, तर पुढचे दिवस अंथरुणात जातात, हे ती ठेच लागूनच शिकली. नणंद तिच्याबरोबर चालायला यायला लागली. पहिले काही दिवस दोघी मुकाट्याने चालल्या.

चांगले दिवस सगळ्यांत अवघड. अंग हलकं असलं की तिला स्वतःचाच संशय यायचा. खरंच दुखत होतं, की आपणच मनाने घेतलं होतं? एकदा असे चार दिवस लागोपाठ चांगले गेले आणि तिने स्टूल कोपऱ्यात सरकवून दिलं. पाचव्या सकाळी मान वळेना. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत.

नवऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "आज कुठे?"

तिने हाताने दाखवलं.