रिळातली अक्का

कुणाच्या खिजगणतीत नसलेले मूक विनोदपट जमवायचं मला खूळ होतं. नामवंतांचे काय, सगळ्यांकडेच असतात. मला हवे असायचे ते नावाची पट्टीसुद्धा गळून गेलेले. माणूस पडतो, उठतो, पुन्हा पडतो, आणि तो कोण हे सांगणारं जगात कुणी उरलेलं नसतं. त्या गमतीनं मी वेडा व्हायचो.

लष्कर मोहल्ल्यातल्या भंगारवाल्याकडे असंच एक रीळ मिळालं. म्हैसूरच्याच कुणा हौशी मंडळींनी काढलेलं, चार मिनिटांचं. एक लठ्ठ गृहस्थ बकरीमागे धावतो आणि बकरी त्याचा फेटा खाते. घरी प्रोजेक्टरनं भिंतीवर लावलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. बघ्यांच्या घोळक्यात परकरातली एक मुलगी पोट धरून हसत होती. आई ताट सोडून उठली.

"अय्यो, अक्का रे ती! माझी अक्का!"

आईची ही थोरली बहीण नवव्या वर्षी तापानं गेलेली. तिचा एकही फोटो घरात नव्हता. चेहरा पुसट झालाय, असं आईच म्हणायची. पण ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"इन्नोंदु सल, अजून एकदा लाव रे."

मग रोजच लावणं आलं. जुनी फिल्म आकसलेली असते, यंत्रातून जाताना दर खेपेला कडेची भोकं फाटतात. पाचव्या दिवशी मी चिडलो. "साकु, आई! पुरे! अशानं अक्का राहायचीच नाही." डबा मेणकापडात गुंडाळला, फटीत मेण ओतलं, पेटीत ठेवून दिला. मोठा जाणकार ना मी! आई मग संध्याकाळी रिकाम्या भिंतीकडे बघून हळूच हसायची, आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

काही वर्षांनी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, तिला स्वच्छ दिसू लागलं, तेव्हा अक्काला दडवून ठेवल्याची मला लाज वाटली आणि मी डबा उघडला. व्हिनेगरचा उग्र भपका आला. अशी फिल्म आंबत जाते, तिला वारा मिळत राहावा लागतो. मी तिला कोंडून मारलं होतं. रीळ गुळाच्या ढेपेसारखं घट्ट झालं होतं.

आईनं त्यावरून हात फिरवला.

"जाऊ दे. तू तर तिला रोज बघितलंस की. सांग, ती कुणाकडे बघून हसत होती? मीपण तिथंच असेन, अल्लवा, हो ना?"

"तुझ्याकडेच बघत होती," मी म्हणालो.

पहिला दिवस सोडला, तर मी अक्काकडे बघितलंच नव्हतं. मी फाटलेली भोकं मोजत होतो.