मानाचे दोन बॉम्ब

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. माझ्यामुळे एका दुपारी आठ लढाऊ विमानं जळून खाक झाली आणि त्यातल्या एकात माझे व्याही होते.

मंगरूळपीरच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो, तेव्हा लेकीनं तिचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यात विमान उडवायचा एक खेळ होता. मला काही उडवता येईना (तीन दिवसांत चौदा वेळा मेलो!), पण त्यात जुन्या लढायांच्या मोहिमा आपल्याला रचता येतात, असं कळलं. कुठल्या तळावरून किती विमानं उठली, कुणाच्या पोटाखाली किती बॉम्ब होते, सगळं आपणच भरायचं. मी एकाहत्तरची लढाई घेतली. कारण माझ्याकडे दादा होता.

दादा म्हणजे केनवडला राहणारा माझा थोरला भाऊ. त्या लढाईत तो हवाईदलात मेकॅनिक होता. विमान त्यानं कधी उडवलं नाही, पण त्यानं तयार केलेलं एकही विमान धावपट्टीवर अडलं नव्हतं. उभ्या आयुष्यात एवढीच फुशारकी तो मारायचा, आणि आम्ही ती प्रत्येक लग्नात ऐकायचो.

आता वैमानिकांना नावं लागतात. मी घरातल्यांचीच दिली. तिथेच माती खाल्ली! धोंड्याच्या जेवणाला जावई आणि व्याही येणार होते. जेवणानंतर मोहीम टीव्हीवर दाखवायची ठरली. बायकोनं यादी पाहिली.

"अहो, इवाईबुवांचं नाव पाचवं काहून?"

"लढाई हाय ते. पंगत नाई!"

"त्याइले समोर घ्या. आन् लेकीच्या सासऱ्याले बाकीच्याइतकेच बॉम्ब? काही मान हाय का नाई?"

मी व्याह्यांना सर्वांत पुढच्या विमानात बसवलं आणि दादानं सांगितलेल्या वजनावर मानाचे दोन बॉम्ब जास्त दिले.

जेवणासाठी केनवडहून आलेल्या दादानं चष्मा कपाळावर सारून आकडे वाचले. "वसंता, एवढ्या वजनानं हे उठत नाई."

"दोनानं काय फरक पडते, दादा?"

"पट्टी संपली का समजते."

जेवणं झाली. व्याही लोडाला टेकले. मी बटण दाबलं. टीव्हीवर त्यांचं नाव झळकलं. टाळ्या! विमान पळू लागलं. पळालं. पळतच राहिलं!

"मामाजी," जावई हळूच म्हणाले, "हे उठून नाई राह्यलं."

पट्टी संपली. झाडं सुरू झाली. धडाम!

मागच्या सातांना मी एकच हुकूम दिला होता : पुढचा जाईल तिकडे जायचं. ते गेले! एकामागून एक, अगदी शिस्तीत, त्याच झाडांत. जावई, साडू, मामा... (सहावा मी स्वतः होतो.)

व्याह्यांचा विडा हातातच राहिला. "आमाले जेवाले बोलावलं, आन् उडाच्या आंधीच मारलं?"

लेकीचा चेहरा उतरला. घाबरून माझ्या तोंडून निघालं, "वजनाचे आकडे दादानं देल्ले होते!"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"हो," तो म्हणाला, "माह्यंच चुकलं असंन. वय झालं आता."

व्याही हसले. विडा तोंडात गेला. लेकीचं माहेर वाचलं. पण त्यानंतर कुठल्याही लग्नात दादानं ती फुशारकी मारली नाही.

शेवटी मी लॅपटॉप घेऊन एसटीनं केनवडला गेलो. माफी मागायची, पण रीतसर. नवी मोहीम रचली होती. एकच विमान, वैमानिक दादा, वजन त्यानं सांगितलं होतं तेवढंच.

"बस, दादा. पायलट तूच."

त्यानं खुर्ची ओढली, हात पुढे केला आणि थांबला. "वजन कोणं तपासलं?"

"म्या."

"मंग मी नाई बसत!"

आणि उठलाच! आम्ही दोघं ठसका लागेपर्यंत हसलो. वहिनीनं चहा आणला, एसटीची वेळ झाली, माफी राहिली.

दादाला जाऊन आता दोन वर्षं झाली. त्याचं विमान अजून पट्टीवर उभं आहे. रोज त्याच्यासमोर बसतो. वाक्य तयार असतं : 'दादा, तू वजन बरोबर सांगितलं होतंस. मीच खोटं बोललो.' नऊ शब्द. पण तोंडातून उठतच नाही.

दोन कमी करून पाहिले. तरी नाही!